जागेचं नाव सोडून सगळं

पुढे जे लिहिलं आहे त्यात एका ठिकाणाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. बायकोने ते विचारून पाहिलं, शिक्षकांच्या खोलीत चहा पाजून विचारून झालं, पण मी बधलो नाही. जागेचं नाव सोडून बाकी सगळं सांगतो. ते एवढं सांभाळायला काय झालंय, हे शेवटपर्यंत वाचलंत की कळेलच.

मी सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि रविवारी कृष्णेच्या काठी गळ टाकून बसतो. दोन्ही कामं मी सारख्याच गांभीर्याने करतो. निदान माझं तरी तसं मत आहे, हेडमास्तरांचं वेगळं आहे. १९९६च्या दिवाळीत ताईने दुबईहून तिकीटच पाठवलं. लग्न होऊन ती तिकडे गेल्यापासून अकरा वर्षं तिची भाऊबीज फोनवरच होत होती. या वर्षी ओवाळायला समोर माणूस हवा, असा तिने हट्ट धरला. मीही मग दिवाळीच्या सुट्टीचे तीन आठवडे काढले, फराळाचे दोन डबे घेतले आणि कपड्यांच्या घडीत गळांची पेटी सारली.

दुबई, गुरुवार

विमानतळावर चकल्यांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. अडली ती गळांची पेटी. पांढऱ्या शुभ्र, पायघोळ कंदुऱ्यातल्या तरुण अधिकाऱ्याने एक गळ चिमटीत धरून उजेडात न्याहाळला.

"ये क्या है?"

"मछली पकडने का," मी म्हणालो.

"किधर पकडेगा?"

सवयीने माझ्या तोंडून "नदी में" निघून गेलं. भूगोल शिकवायला लागून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. अरबस्तानात बारमाही नदी नाही, हे मी दर वर्षी सहावीच्या पोरांकडून घोकून घेतो. अधिकाऱ्याने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली, त्याला अरबीत काहीतरी सांगितलं आणि दोघं मनमुराद हसले. "इधर नदी नहीं, हबीबी," असं म्हणून त्याने पेटी परत दिली. नकाशात दुष्काळी भाग दाखवावा तसं माझ्याकडे बोटही दाखवलं.

ताई करामा भागात राहते. खाली उडप्याचं हॉटेल, समोर फुलांच्या वेण्या आणि केळीची पानं विकणारा, जिन्यात फोडणीचा वास. बॅग आत ठेवेपर्यंत मला आपण परदेशात आलो आहोत असं वाटलंच नाही. नऊ वर्षांची भाची रिया मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत होती, तेव्हा कुठे थोडं परदेशात आल्यासारखं वाटलं.

भावोजी अल क्वोजमधल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचं स्टोअर सांभाळतात. माणूस अगदी मोजकं बोलणारा. गळ दाखवल्यावर त्यांनी एकाच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आमचा फोरमन सावंत जातो शुक्रवारी. त्याला सांगतो."

"तुम्हीही चला की!"

"शुक्रवारी मी झोपतो," असं म्हणून त्यांनी पेटीचं झाकण लावलं.

कुठेतरी, शुक्रवार

पहाटेच्या नमाजाची बांग संपता संपता पिकअप दारात आली. चालवायला सावंत, पन्नाशीचे, मालवणकडचे, अंगाने शिडशिडीत. मागच्या सीटवर गुहागरकडचे पेंटर रहाटे आणि दोन वेल्डर. गाडीत तारल्या, माकूल हे आमिषाचे मासे आणि अगरबत्ती यांचा एकत्र वास भरला होता.

आमच्याकडे गळवाल्यांची एक रीत आहे. मासा हातभर असला तर दोन हात सांगायचा आणि निसटला असला तर चार हात. ही मंडळी मात्र उलट्या रीतीची निघाली. मागच्या आठवड्यात काय मिळालं म्हणून मी विचारलं, तर एक वेल्डर म्हणाला, "कुठं काय! दोन बोटभर होते, मांजराला घातले." दुसरा म्हणाला, "मला तर सर्दी मिळाली." रहाटे म्हणाले, "मी हल्ली जातच नाही." आणि हे सांगणारा माणूस मांडीवर आमिषाचा डबा घेऊन बसला होता! कामगारांच्या कॅम्पात कोणी विचारलं तर प्रत्येकाला वेगळं गाव नेमून दिलेलं होतं. सावंतांनी उम्म अल क्वैन म्हणायचं, रहाट्यांनी खोर फक्कान, आणि वेल्डरांनी बाजारातून आणले म्हणायचं.

"मास्तरानू," सावंतांनी मला विचारलं, "खंय गेल्लास म्हणान कोणी इचारल्यान, तर काय सांगतलास?"

"नदीवर," मी म्हणालो. सगळ्यांना उत्तर फार आवडलं.

पण भूगोलाच्या मास्तराला बरोबर नेणं ही त्यांची चूकच होती. रस्ता एकदा पाहिला की माझ्या डोक्यात तो दिशेसकट, अंतरासकट उतरतो. विसरायचं म्हटलं तरी मला ते जमत नाही. वाळूत एके ठिकाणी गंजलेला पाण्याचा टँकर कलला होता आणि तिथे वाट फुटत होती. आम्ही डावीकडे वळलो. तिथे रहाट्यांनी एकदा एक पाटी रोवली होती, त्याची गोष्ट वेल्डरांनी रंगवून सांगितली. लोकांना घाबरवायला रहाट्यांनी लाल अक्षरांत लिहिलं होतं, "सावधान! पुढे मगरी आहेत." अक्षर सुरेख होतं, पण होतं मराठीत.

"म्हणजे बाकी दुनियेला काही कळणार नाही," रहाटे स्वतःच म्हणाले, "आणि मराठी माणसाला कळणार, इथे आपली माणसं येतात! सावंत तीन दिवस बोलत नव्हते माझ्याशी."

त्या पाटीचा आता तारल्या कापायचा पाट झाला आहे. मगरींच्या अक्षरांवर आमिष कापायला मजा येते, हे मी अनुभवाने सांगतो.

वाट संपली आणि समोर खाडी दिसली. दोन्ही काठांना हिरवीगार तिवरं, मुळांपाशी खेकड्यांची लगबग, मधून संथ वर चढणारं भरतीचं पाणी. इतके दिवस पुस्तकातला पिवळा रंग दाखवून "हे वाळवंट" असं शिकवणारा मी बघतच राहिलो. शिकवताना एवढासा हिरवा ठिपका राहून गेला होता.

गळ टाकण्याआधी गाऱ्हाणं झालं. नवा माणूस आला की नारळ द्यायचा, असा यांचा नेम आहे. सावंतांनी टोपी काढली, नारळ दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्यो नवो पावणो आज तुझ्या दारात इलो हा. तेच्या गळाक मासो गावांदे."

"व्हय म्हाराजा!" बाकीचे म्हणाले.

"मासो खंय गावलो म्हणान कोणी इचारल्यान, तर तेच्या तोंडात भलत्याच गावाचा नाव येवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोणी ह्या पाण्याची वाट हुडकीत येयत, तेची गाडी रेवेत रुतांदे!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मीही ओरडलो. माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता, हे पुढे मला फार बोचलं.

तासाभराने एक म्हातारा अरब जुन्या जीपमधून आला. त्याचा बाप इथे जाळं लावायचा, आता तो लावतो. गहवा म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास आणि खजुरांची पिशवी त्याने आमच्या सतरंजीवर ठेवली. सावंतांनी त्याला मी आणलेल्या फराळातल्या दोन करंज्या दिल्या. त्या त्याने फार लक्षपूर्वक खाल्ल्या आणि मग माझ्याकडे बोट केलं.

"ये नया आदमी कौन?"

"मेहमान है, बाबा. टीचर."

"टीचर!" त्याचा चेहरा चिंतेत पडला. "टीचर बहुत बोलता है. सुनो, तुम इधर आया, मछली खाया, घर जाके खलास, भूल जाओ."

मी छातीवर हात ठेवून मान डोलावली.

साडेनऊच्या सुमाराला माझी दोरी अशी ओढली गेली की बोट कापलं. नदीतला मासा पळतो, हा मात्र खाली जाऊन बसला. दगडाला गळ अडकला असेल असं समजून मी दोरी तोडायला निघालो, तेवढ्यात सावंत धावत आले. "तोडू नकात! हमूर हा तो! बिळात बसलोहा, थांबा जरा." आम्ही दोघं दहा मिनिटं दोरी धरून नुसते उभे राहिलो. मग त्याचा पेशन्स संपला आणि आमचा उरला. चार किलोचा ठिपकेदार हमूर वाळूत आला. कृष्णेकाठी एवढा मासा मला सबंध आयुष्यात मिळालेला नाही. मी नाचलो. हो, एकेचाळीस वर्षांचा मी चक्क नाचलो.

दुपारी तिथेच तीन दगडांवर शेरी माशाची तिरफळं घातलेली आमटी झाली आणि ती आम्ही खबूस या अरबी रोटीबरोबर ओरपली. हमूर त्यांनी कापू दिला नाही. "पैलो मासो भयणीकडे न्हेवचो," सावंत म्हणाले आणि तो बर्फात घालून दिला. परतताना पेट्रोल पंपावर सगळ्यांनी उतरून पिकअपची चाकं धुतली, कारण त्या खाडीचा चिखल पांढरा आहे आणि जाणकाराला तेवढंही पुरतं. चुलीची राख, माशांची खवलं, सिगारेटची थोटकंसुद्धा त्यांनी पिशवीत भरून आणली होती. एवढी झाकपाक मी बँकेच्या तिजोरीलाही पाहिलेली नाही. ही सगळी खबरदारी मी पुढच्या चोवीस तासांत धुळीला मिळवली.

करामा, शनिवार

ताईने हमूरचं कालवण आणि तळलेले तुकडे केले आणि दीक्षित जोडप्याला संध्याकाळी जेवायला बोलावलं. दीक्षित म्हणजे तिकडच्या मराठी कुटुंबांच्या सहलींचे कायमचे चिटणीस. तीस-पस्तीस कुटुंबं, ढोकळ्याची ऑर्डर, लाऊडस्पीकर, क्रिकेटचे स्टंप, सगळं ते चोख जमवतात. पहिला घास घेऊनच ते म्हणाले, "वा! कुठल्या मार्केटचा?"

इथे "बाजारातून" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण चार किलोचा मासा स्वतः पकडायचा आणि श्रेय बाजाराला द्यायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. मी म्हणालो, "मार्केट कसलं! मी पकडलाय."

"तुम्ही? कुठे?"

मग मी सुटलोच. तिवरं, खेकडे, थंडगार वारा. दीक्षित म्हणाले, "अहो, आम्ही डिसेंबरच्या पिकनिकसाठी अशीच नवीन जागा शोधतोय! पण वाळवंटातला रस्ता, एकदा जाऊन तुम्हाला थोडाच आठवणार?"

माझी स्मरणशक्ती कोणी काढली की माझा तोल जातो. मी रियाच्या वहीचं पान फाडलं आणि नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, चौक, पेट्रोल पंप, कललेला टँकर, तिथून डावीकडे. खाडीला निळी पेन्सिलसुद्धा वापरली. दीक्षितांनी तो घडी घालून खिशात ठेवला. "पुढच्या शुक्रवारी दोन गाड्या काढून बघूनच येऊ. यल्ला, चला!" भावोजी मध्येच पाणी आणायला उठले ते बराच वेळ स्वयंपाकघरात होते.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला थोडी रुखरुख लागली. पण मी स्वतःची समजूत घातली, खाडी एवढी मोठी, मासे एवढे, कोणाचं काय कमी होणार?

अल क्वोज, सोमवार

सावंतांचा बर्फाचा डबा परत करायला मी भावोजींबरोबर वर्कशॉपवर गेलो. जेवणाची सुट्टी होती. सावंत मला रस्त्यापलीकडच्या कॅम्पातल्या त्यांच्या खोलीवर घेऊन गेले. सहा पलंग, एकावर एक. त्यांच्या पलंगापाशी दोन मुलींच्या लग्नाचे फोटो लावलेले होते.

बोलता बोलता मी सहज विचारलं, "जागेची एवढी लपवाछपवी कशाला करता? चार कुटुंबं आली मजेला, तर बिघडलं काय?"

सावंत हसले. "मास्तरानू, त्या खाडीच्या आदी आमची येक जागा होती. समुद्रार. सा वर्सां थंय जायत होतंव. मगे फॅमिलीवाले येवक लागले. चांगली माणसां, आमकां चाय पण दियत. पण मगे थंय बोर्ड लागलो. फॅमिली ओन्ली. बॅचलर नॉट अलाउड. वाचमन येवन सांगता, चलो, उठो."

"पण तुम्ही कुठे बॅचलर?" मी फोटोंकडे बघत म्हणालो.

"हयसर बायको नसली की बॅचलरच. मी आजो झालंय, तरी बॅचलर!" ते स्वतःच हसत सुटले. वरच्या पलंगावरून रहाट्यांनी त्यांची साथ केली. "बागेत गेलो तरी तोच बोर्ड, शुक्रवारी तर नक्कीच. म्हणून ती खाडी, मास्तर. तिथे कोणी उठ म्हणत नाही."

मीही हसलो, पण डोळ्यांपुढे दीक्षितांच्या खिशातला नकाशा आला. आठवड्याचे सहा दिवस लोखंड तापवणाऱ्या माणसांना एक दिवस बसायला जी जागा होती, ती मी माशाच्या एका तळलेल्या तुकड्याच्या कौतुकासाठी कागदावर काढून दिली होती, वर निळी पेन्सिल फिरवून. कबूल करावं म्हणून तोंड उघडलं, पण त्यांनी चहा पुढे केला आणि मला धीर झाला नाही. मला माझी स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

भलतीकडेच, दुसरा शुक्रवार

मधल्या दिवसांत भाऊबीज झाली, ताईने मला समोर बसवून ओवाळलं. दीक्षितांचा फोन दोनदा येऊन गेला होता, शुक्रवार काही टळणार नव्हता. नकाशा परत मागितला असता तर संशय आला असता. आणि तो चुकीचा आहे म्हणावं, तर माझा नकाशा कधी चुकत नाही, हे मीच सगळ्यांना ऐकवलं होतं. सावंतही त्या दिवशी तिथेच बसलेले असणार.

पुढच्या गाडीत भावोजी, मी, ताई आणि रिया. मागच्या गाडीत दीक्षित, त्यांची मुलं आणि चाकावर त्यांची बायको; दीक्षितांच्या मांडीवर माझा नकाशा पसरलेला. पेट्रोल पंप बरोबर आला. चौक बरोबर आले. मग टँकर लांबून दिसायला लागला.

"कुठे वळू?" भावोजींनी विचारलं.

"उजवीकडे," मी म्हणालो.

भावोजींनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्या ओसाड वाळवंटात, जिथे चिटपाखरू नव्हतं, तिथे त्यांनी रीतसर उजवा इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.

मागून हॉर्नवर हॉर्न. दीक्षित उतरून धावत आले. "अहो मास्तर, नकाशात तर डावीकडे आहे!"

"नकाशा चुकलाय," मी म्हणालो. हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले. "उत्तर दिशा उलटी धरली गेली माझ्याकडून."

"उत्तर दिशा? भूगोलाच्या मास्तरांकडून?"

"होतं असं कधी कधी."

रियाने मान वर केली. "मामा, आर यू शुअर यू टीच जॉग्रफी?"

पुढचा तासभर मी दोन गाड्यांना वाळवंट दाखवलं. "आता येईलच" असं मी किती वेळा म्हणालो ते ताईने मोजलं आहे. एका उंटाजवळून आम्ही तीनदा गेलो, तिसऱ्या वेळी त्याने उठून उभं राहायचेही कष्ट घेतले नाहीत. अखेर आमचीच गाडी वाळूत रुतली. "व्हय म्हाराजा," मी मनात म्हणालो आणि खाली उतरून ढकलायला लागलो. दीक्षितांनी घाम पुसत माझी इतकी खरपूस फिरकी घेतली की ती पुढे त्यांच्या सगळ्या सहलींत सांगितली जात असेल, याबद्दल मला शंका नाही. मी सगळं ऐकून घेतलं.

गाडी निघाली आणि दोन टेकाडांपलीकडे अचानक समुद्र दिसला. खाडी नाही, तिवरं नाहीत. नुसता सपाट, स्वच्छ किनारा. मी गळ टाकून पाहिला, एक चप्पल मिळाली. पण दीक्षितांनी पायांनी वाळू दाबून बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, इथे तर पिच होतंय! बसेस इथपर्यंत येतील! मासे कोणाला हवेत?" बायकांनी सतरंज्या पसरल्या, पोहे निघाले, पोरं पाण्यात गेली. माझा नकाशा दीक्षितांनी सगळ्यांना वाचून दाखवला आणि मग त्यात उरलेल्या शेवेची पुडी बांधली. तो तसा तेलकट होताना पाहून माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

निघायच्या वेळी भावोजी गाडीच्या मागे फावड्याची वाळू झटकत होते. मी सतरंज्या घेऊन गेलो.

"डावीकडे होतं," ते खाली मान घालून म्हणाले.

मी चपापलो. "तुम्हाला काय माहीत?"

"ती खाडी मी आणि सावंतने शोधली. एका खोलीत होतो आम्ही. खाली मी, वर तो." फावडं त्यांनी नीट आत ठेवलं. "तुझ्या ताईचा व्हिसा झाला त्या महिन्यात मी जायचं बंद केलं. ज्याची फॅमिली आली त्याने तिथे यायचं नाही, असं ठरलं होतं. मीच ठरवलं होतं."

मी सतरंज्या आत ठेवल्या. लांबून ताईचा आणि रियाचा हसण्याचा आवाज येत होता.

"अकरा वर्षं," मी म्हणालो. "एकदाही जावंसं वाटलं नाही?"

"शुक्रवारी सकाळी पेपरात भरतीची वेळ बघतो," भावोजी म्हणाले. "आज सव्वाअकराला होती." आणि त्यांनी डिकी बंद केली.